रस्त्यात गेलेलं घर

कुवेत, १४ फेब्रुवारी १९५४

आज आमच्या भिंतीवर लाल रंगाचा आकडा पडला. सरकारी मोजणीवाला आला, दोरी धरली, ब्रश बुडवला आणि आकडा काढून मोकळा. आई आतून म्हणाली, "कोण रे भिंत घाण करतंय?" तो म्हणाला, "बाई, भिंत आता तुमची नाही. इथून रस्ता जाणार."

बाबा कामावरून आले. दिवसभर गलबतांच्या फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकतात, त्यामुळे अंगाला माशाच्या तेलाचा वास. आकड्याकडे बघत राहिले, मग उंबऱ्यावर बसून रडले. बाबांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मधल्या दारातून मौझी काकू धावत आल्या. आजोबांचं हे एकच घर. ते गेल्यावर मधे भिंत घालून दोन केली — इकडे आम्ही, पलीकडे मोठे काका. रस्त्याकडची हवेशीर बाजू काकांनी आपणहून बाबांना दिली होती, धाकटा म्हणून. पुढे काका मोती काढायला गेले ते समुद्रातच राहिले. आता पलीकडे काकू आणि खलफ. पण भिंतीतलं छोटं दार कधी लागलेलं नाही. मीठ, निखारे, भांडणं, सगळं तिथूनच जातं-येतं.

काकूंच्या भिंतीवर आकडा नाही. रस्ता आमच्या घरातून जातो आणि त्यांच्या भिंतीजवळ अंग चोरून निघतो. काकू म्हणाल्या, "भावोजी, रडता कशाला? आमच्याकडे राहायला या. दार आहेच की."

खलफ मागे उभा होता. मला हळूच म्हणाला, "बरंय, लग्नानंतर तुला सामान लांब हलवायला नको." मी त्याला चिमटा काढला. आमचं लग्न ठरलं तेव्हा मला चालताही येत नव्हतं, आणि तेव्हापासून हा असाच थट्टा करत आलाय.

२ मार्च

सरकार घराचे पैसे देणार! आकडा मी इथे लिहीत नाही. बाबांनी तो तीनदा विचारला आणि कारकून तिन्ही वेळा तेच बोलला. परत येताना बाबा बाजारात उभ्या-उभ्या हसायला लागले, लोकांना वाटलं ऊन लागलं.

आई म्हणाली, "मातीच्या भिंतींचे एवढे?" बाबा म्हणाले, "भिंतींचे नाहीत ग तर्फा. नशिबाचे."

काकूंनी राहायला बोलावलं होतं, त्याला उत्तर द्यायचं सगळेच विसरले.

२० मार्च

घर सोडलं. आईने स्वयंपाकघरातली जमीन हाताने चाचपली, जणू तिथे काही सांडलं होतं. या घरात मी जन्मले. माझ्याआधी बदर जन्मला आणि इथेच गेला — देवीची साथ आली होती त्या वर्षी, काही महिन्यांचा होता. आई त्याचं नाव घेत नाही. आज निघताना घेतलं, एकदाच.

काकूंनी वाटेसाठी मच्छीभात बांधून दिला. शहराच्या तटबंदीबाहेर तर जायचं होतं, मोटारीने पटकन. तरी दिला.

४ एप्रिल

नवं घर. इतक्या खोल्या आहेत की आई मला हाका मारत फिरते आणि मी तिला. शेजारी आहेत म्हणतात, पण कुंपणाच्या भिंती इतक्या उंच की त्यांच्या फक्त कोंबड्या ऐकू येतात. बर्फाचं कपाट आलंय. बाबा पाहुण्यांना ते उघडून दाखवतात, आत नुसतं पाणी आणि कलिंगड.

एक गोवेकर स्वयंपाकी ठेवलाय. आई त्याच्या आधी उठून स्वयंपाक करते आणि मग त्याला खायला घालते. काल म्हणाली, "दिवसभर बोलायला कुणी नाही. इथल्या भिंतींना दारंच नाहीत."

बाबांच्या हातांना आता तेलाचा वास येत नाही. अत्तराचा येतो. मला तो सोसत नाही.

१९ एप्रिल

खलफ आला होता. गलबतांवर सुतारकाम करतो, तिथूनच थेट. पायांना भुसा. बैठकीत बाबांचे नवे मित्र बसलेले — व्यापारी जासिर आणि आणखी दोघे. महिन्याभरापूर्वी यांनी बाबांच्या सलामाला मान हलवली नसती. पडद्याआडून मी बघत होते.

खलफ नव्या गालिच्याच्या कडेला थांबला. बाबा म्हणाले, "अरे ये, पाय पुस आणि ये." मग खिशातून गाडीची किल्ली काढून त्याच्यापुढे हलवली. "गलबतं आता बुडायच्या धंद्यात आहेत, खलफ. गाडी चालवायला शीक. माझा ड्रायव्हर हो. बाहेरचा ठेवण्यापेक्षा घरचा बरा."

सगळे हसले. खलफही हसला. मला त्याचं हसू माहीत आहे, ते हसू नव्हतं.

कहवा घेतला नाही. मागच्या दाराने गेला — माळ्याने त्याला तेच दाखवलं.

२० एप्रिल

बाबांशी बोलले नाही. त्यांच्या लक्षातही आलं नाही.

१५ मे

रमजान. उपास सुटल्यावर जासिर व्यापाऱ्याकडच्या बायका आल्या. बांगड्या कोपरापर्यंत. एकीने माझी हनुवटी धरून तोंड दिव्याकडे वळवलं, बाजारात पापलेट बघतात तसं. "आमचा मुलगा बैरूतला शिकतो," म्हणाली. मी म्हटलं, "छान. कधी संपतं शिक्षण?" आईने माझ्या पायावर पाय दिला.

त्या गेल्यावर बाबा आईला म्हणत होते, "असं स्थळ स्वतःहून चालत आलंय." आई म्हणाली, "आणि खलफ?" बाबा म्हणाले, "तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

तेव्हाची म्हणजे फेब्रुवारीतली, पैसे यायच्या आधीची.

५ जून

ईद झाली. काकू रीतसर मागणी घालायला आल्या. बरोबर गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या, जुना काळा अबाया धुऊन आणलेला, मिठाईचा डबा. खलफ बाहेर अंगणात.

आमच्यात चुलत भावाचा हक्क पहिला. त्याने मागितलं की बापाला नाही म्हणता येत नाही. म्हटलं तर लोक तोंडात शेण घालतील — पैसा आला आणि भावाच्या पोरक्या पोराला विसरला! बाबांना हे पुरतं ठाऊक. डबा मांडीवर घेऊन बसले आणि म्हणाले, "दोन दिवस द्या, वहिनी."

काकू म्हणाल्या, "घ्या की. अठरा वर्षं दिलीच आहेत."

मला हसू आलं. माझ्या खोलीत जाऊन उशी तोंडावर धरून हसले. दोन दिवस!

८ जून

कसं लिहू.

काकू आल्या, त्याच म्हाताऱ्या, आणि इमामसाहेबही — त्यांना बाबांनी बोलावलं होतं. मला वाटलं, लग्नाची बोलणी करायला. आई मधे बसली होती. तिचे हात अबायाच्या आत होते. बाबा म्हणाले, "तर्फा, सांग."

आई बोलायला लागली. देवीची साथ आली ते वर्ष. बदर गेला. तिच्या छातीत दूध दाटलेलं, दुखायचं. पलीकडे मौझी काकूंना ताप चढलेला, शुद्ध नाही, आणि तान्हा खलफ रडून काळानिळा. "मी मधल्या दारातून गेले," आई म्हणाली, "आणि त्याला छातीशी लावला. एकदा नाही, कितीतरी दिवस. जाऊबाई बऱ्या झाल्या आणि मी कुणाला बोलले नाही. बदरचं दूध दुसऱ्याला दिलं, त्याची लाज वाटली मला."

आई रडत होती. खरं रडत होती.

इमामसाहेबांनी विचारलं, "शपथ घेता?" तिने घेतली.

मग ते बाबांना म्हणाले, ज्यांनी एका छातीचं दूध घेतलं ती सख्खी भावंडं. हा निकाह होणं नाही. आता नाही आणि कधीच नाही. म्हणजे मी आणि खलफ, आम्ही भाऊ-बहीण. जन्मापासून! आम्हालाच तेवढं माहीत नव्हतं.

काकू उठल्या. मला वाटलं, भांडतील. त्यांनी आईचा हात घेतला आणि चुंबला. "माझं पोर तू जगवलंस आणि एवढी वर्षं तोंडातून शब्द काढला नाहीस," म्हणाल्या. म्हाताऱ्या हुंदके देत होत्या. सगळं घर रडत होतं, आणि माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

९ जून

झोप नाही. अन्न नाही. आई दाराबाहेर बसून आहे. मी दार उघडलं नाही.

१७ जून

आईवर रागावताही येत नाही, हेच मोठं संकट. काय चूक केली तिने? मूल मेलेली बाई, दुसऱ्याचं रडतं मूल उचललं. मी असते तर मीही उचललं असतं. तिने ते उचललं नसतं तर खलफ आज नसता. मग मी कुणावर रागावू? त्या तान्ह्या खलफवर?

आधी सांगितलं असतं तर. एवढंच. मी पाच वर्षांची असताना सांगितलं असतं तर मी त्याला दादा म्हणत मोठी झाले असते.

२४ जून

आज तो आला. पुढच्या दाराने. हातात पापलेटांची जुडी, सकाळीच पकडलेली. आईपुढे वाकला, तिच्या डोक्याचं चुंबन घेतलं आणि म्हणाला, "आई, हे तुमच्यासाठी."

आईचं तोंड पांढरंफटक पडलं. माशांची जुडी हातात धरून उभीच.

बाबासुद्धा उठले. कहवा स्वतः ओतून दिला. खरंच उठले! भावी जावयाला पाय पुसायला लावणारा माणूस दूधपुत्रासाठी उठून उभा राहतो. किल्लीचा विषय नाही.

मला आता त्याच्यापुढे डोकं झाकायची गरज नाही. बहीण ना. उघड्या केसांनी समोर बसले. लहानपणानंतर त्याने माझे केस पाहिले नव्हते. त्याने एकदा पाहिलं आणि मग सबंध वेळ माशांबद्दल बोलत राहिला.

१५ जुलै

दर गुरुवारी येतो. आईच्या खोलीतला पंखा दुरुस्त केला. तिची जुनी पेटी, जी बाबा फेकणार होते, तिला नव्या बिजागऱ्या लावल्या. आईला मुलगा मिळाला. ती त्याच्यासाठी घासातला घास काढते आणि त्याच्या डोळ्याला डोळा देत नाही. हे मला कळत नाही.

मला म्हणाला, "सबीका, रडून काय होणार? हे लिहिलेलंच होतं म्हणायचं." त्याला जमतं. मला जमत नाही. बहिणीने भावाच्या हाताकडे असं बघायचं नसतं. मी बघते आणि मग नमाजाला उभं राहायची लाज वाटते.

२९ जुलै

जासिरकडच्यांना होकार गेला. लग्न हिवाळ्यात. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी काय सांगणार होते? तो नाही तर कुणीही सारखाच.

२६ ऑगस्ट

गुरुवार.

बाबा बसऱ्याला गेलेत. मी न्हाऊन आतल्या अंगणात केस वाळवत बसले होते, दुपट्टा खांद्यावर. आई बाजेवर पडून डुलक्या घेत होती. बाहेरचं दार वाजलं, स्वयंपाकी म्हणाला, "खलफभाई आले."

आई दचकून उठली आणि माझ्यावर ओरडली, "डोक्यावर घे! परका पुरुष येतोय—"

आणि थांबली.

मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे. गेले दोन महिने मी उघड्या डोक्याने त्याच्यापुढे बसतेय, सगळ्यांसमोर, हक्काने. कुणाची आई सख्ख्या भावापुढे लेकीला डोकं झाकायला सांगते? झोपेत तोंडातून जे निघतं ते खरं निघतं.

खलफला ऐकू गेलं नाही. मी खोलीत पळाले. तो जाईपर्यंत बाहेर आले नाही.

२७ ऑगस्ट

आईने कबूल केलं.

मी एकच विचारलं, "पाजलं होतंस?" ती जमिनीवर बसली. म्हणाली, "बदर गेला तसं माझं दूधही गेलं. मी अंथरुणावरून उठत नव्हते. मधलं दार कुठल्या बाजूला आहे तेसुद्धा मला आठवत नव्हतं तेव्हा."

"मग?"

"तुझ्या बाबांनी प्रत्येक शब्द माझ्या तोंडात घातला. म्हणाले, दुसरा रस्ता नाही. नाही म्हटलं तर समाज थुंकेल, हो म्हटलं तर पोरगी पुन्हा मातीच्या घरात जाईल. म्हणाले, आपण लेकीचं भलंच करतोय ना. आणि मला वाटलं, खरंच की. माझे हात बघ. मी आयुष्यभर पाणी उपसलं. तुझे असे होऊ नयेत वाटलं."

मी तिला वाटेल ते बोलले. ते इथे लिहिणार नाही. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "बदर माझ्या स्वप्नात यायचा. लहान नाही, मोठा होऊन यायचा, दरवर्षी एक वर्षाने मोठा. शपथ घेतल्यापासून आला नाही." आणि मग, "आता खलफ मला आई म्हणतो, तेव्हा वाटतं, बदर असा असता."

मी तिच्याजवळ बसले. दोघी रडलो. राग गेला नाही, पण तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं, ते मी हलवलं नाही.

३० ऑगस्ट

आई तयार आहे. बाबा तलाक देतील, म्हणाली, देऊ देत. खोटी शपथ घेतली म्हणून गावभर छी-थू होईल, होऊ दे. इमामसाहेबांकडे जाईन.

पण ती म्हणते ते खरं आहे: तिने एकटीनेच शब्द फिरवला तर लोक म्हणतील, लेक रडते म्हणून आई आता खोटं बोलतेय. एकदा तोंडातून निघालेला शब्द इमाम सहज परत जाऊ देणार नाहीत. मौझी काकूंची साक्ष हवी. त्यांना तापातलं थोडं जरी आठवलं — खलफ त्यांच्याच कुशीत होता, त्यांना दूध होतं — तर दोन आयांचा शब्द एक होईल. मग कोण नाही म्हणेल?

काकू मला लहानपणापासून सूनबाई म्हणतात. मला एवढी आशा जूननंतर कधी वाटली नव्हती. आज पोटभर जेवले. स्वयंपाकी खूश.

१ सप्टेंबर

उद्या जाते. काकूंना आधी एकटीने सांगेन, मग आई येईल. खलफला शेवटी. त्याचं तोंड कसं होईल ते सारखं डोळ्यांपुढे आणते.

२ सप्टेंबर

आमचं घर होतं तिथे डांबर आहे. काकूंच्या भिंतीतलं दार विटांनी बुजवलंय.

मी सगळं सांगितलं. काकू तांदूळ निवडत होत्या, निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "ताप होता मला. शुद्ध गेली नव्हती. दूध आटलं नव्हतं. खलफने माझ्याशिवाय कुणाच्या छातीला तोंड लावलेलं नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? त्याच दिवशी?"

"मागणी मी त्याच्या हट्टासाठी घातली. मनात म्हणत होते, नाही म्हणा. सोन्याची सुरी झाली म्हणून कुणी उरात खुपसून घेतं का, पोरी? जावई झाला असता तर तुझ्या बापाने त्याला जन्मभर किल्ली दाखवली असती. तुझी आई बोलली आणि मी तिचा हात चुंबला. सुटले म्हणून चुंबला. इमामांपुढे मी यातलं काही बोलणार नाही."

मी म्हटलं, "आणि मी, काकू?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. "तुझा विचार नाही केला. एकाचाच करता आला."

खलफला यातलं काही माहीत नाही. आज गुरुवार. मी घरी आले तेव्हा तो आईजवळ बसून मासे साफ करत होता.